चार ते सातची लाइन

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून संध्याकाळचे ऑनलाइन पेशंट सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली.

सकाळी मोठ्या माणसांना घेत होते तोवर काही अडचण नव्हती. सप्टेंबरपासून दोन महिने, एकदाही तक्रार नाही. दिवाळीची सुट्टी संपली तशा सलील सरांनी पुण्याच्या सेंटरमधल्या शाळकरी मुलांच्या वेळा मला दिल्या. तिकडचे साडेसहा ते साडेनऊ म्हणजे कुवेतमधले चार ते सात, रविवार ते गुरुवार. पंधरा वर्षं पोळ्या लाटून झाल्यावर मी पुन्हा स्पीच थेरपिस्ट झालेय. तीही नोव्हेंबर संपेपर्यंत चाचणीवर.

पहिला पेशंट प्रणय. आठ वर्षांचा, संगमनेरचा, अडखळत बोलतो. शेजारी त्याची आई, रत्नमाला. मी त्याला चित्र दाखवलं, तो म्हणाला, "क-क-क-कासव." मी म्हटलं, "छान, सावकाश, श्वास घेऊन पुन्हा." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग आईकडे बघितलं. रत्नमालाबाई म्हणाल्या, "मॅडम, आत्ता तर तो सरळ बोलला."

तो सरळ बोलला होता. अडखळली होती ती माझ्या घरची लाइन.

मुलाने आठवडाभर घोकून एक शब्द नीट म्हणून दाखवला आणि मी त्याला सांगितलं, पुन्हा म्हण. मला लॅपटॉप बाल्कनीतून फेकावासा वाटला. तेवढ्यात दारावर टकटक. रविकांत चहा घेऊन उभा. कामावरून सव्वाचारला येतो, त्याला माहीत आहे मी आत काम करतेय. "आज किती वेळ?" म्हणे. मी हातानेच जा म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही तेच. चार वाजले की चित्र गोठतं, आवाज तुकड्यातुकड्यांत येतो. सात वाजले की सगळं लख्ख. फोनवर बरं चालतं, पण फोनवर चित्रं कशी दाखवू, आवाजाचा आलेख कसा बघू?

इंटरनेटवाल्यांना फोन केला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक बाई म्हणाली, आमच्याकडून लाइन उत्तम दिसतेय. मी म्हटलं, तुमच्याकडून नाही हो, माझ्याकडून बघा. तक्रारीचा नंबर दिला. नंबर द्यायला या लोकांना फार आवडतं.

रविकांत म्हणतो, "लॅपटॉप जुना आहे गं. क्षितिजाने बारावीत पार पिदडलाय." क्षितिजा, आमची लेक, जुलैत पुण्याला कॉलेजला गेली. जाताना नवा लॅपटॉप घेऊन गेली, हा माझ्या वाट्याला आला. जुना आहे, मान्य. मग सकाळी बरा कसा चालतो? त्यावर तो पेपर उघडून बसला. मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत एवढे मोठे पंप सांभाळतो, घरातल्या इंटरनेटच्या एका डबीचं काय झालंय ते सांगता येत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीचा माणूस आला. जॉबिन नावाचा, केरळचा, शांत मुलगा. साडेचारला आला ते बरंच झालं, बिघाड डोळ्यांनी बघता येईल. पण माझा पेशंट सुरू होता, म्हणून रविकांतला म्हटलं, तू बघ. राऊटर हॉलमध्ये आहे आणि त्याचा पासवर्डही त्यालाच ठाऊक.

सातला बाहेर आले तर जॉबिन केव्हाच गेलेला.

"काय म्हणाला?"

"काही नाही. आपल्याकडे ठीक आहे सगळं. बिल्डिंगमध्ये संध्याकाळी लोड असतो म्हणाला."

"मग त्यावर उपाय काय?"

"उपाय काय असणार? सगळे घरी येतात या वेळेला." आणि मग, "समुद्रावर जाऊन येऊ या का? हवा छान पडलीय."

माझं डोकं उठलेलं. याला समुद्र सुचतोय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खालच्या मजल्यावरची सईदा आली होती. दापोलीकडची, इथल्या एका शाळेत कॉम्प्युटर लॅब बघते. तिच्यापाशी सगळं ओकले. ती म्हणाली, "ताई, लोड-बिड असं नुसतं म्हणून काय होणार? आकडे ठेव. आकड्यांपुढे कंपनीवाला गप बसतो."

मी म्हटलं, मी ती चाचणीची वेबसाइट उघडते, ती संध्याकाळी पूर्ण उघडतच नाही, जाहिराती आणि घड्याळाचे काटे नुसते फिरत बसतात. मग तिने लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. टर्मिनल म्हणतात. तिथे चित्र नाही, बटण नाही, नुसती एक लुकलुकणारी रेघ. तिने काहीतरी उतरवून घेतलं आणि मला टाइप करायला लावलं: स्पीडटेस्ट-सीएलआय, मग जागा, दोन आडव्या रेघा, सिंपल. एंटर.

थोडा वेळ काहीच नाही. मग तीन ओळी आल्या. पहिली, हाक मारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागला त्याची. दुसरी, किती वेगाने खाली येतंय. तिसरी, किती वेगाने वर जातंय. बास. ना नमस्कार, ना धन्यवाद, ना 'आपला अनुभव कसा होता'.

मला फार आवडलं. इतकं सरळ उत्तर या घरात बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं.

आज दुपारी साडेचारचा आकडा: डाउनलोड ९१ एमबीपीएस. शुक्रवार असल्यामुळे असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवसांचे आकडे. दर तासाला मी स्वतः टाइप करून घेतलेत, पेशंट बदलतात त्या मधल्या वेळात.

रविवार साडेतीन: ८८. साडेचार: ०.५०. साडेपाच: ०.४९. साडेसहा: ०.५०. सव्वासात: ९०.
सोमवार साडेतीन: ९१. साडेचार: ०.५०. साडेपाच: ०.५०. साडेसहा: ०.५०. सव्वासात: ८७.
मंगळवार आणि आज, तेच. लिहायचाही कंटाळा आला.

नव्वदवरून अर्ध्यावर. कुणीतरी डोक्याखालची उशीच काढून घ्यावी तसं. याला लोड म्हणत नाहीत, याला चोरी म्हणतात. चारला सुरू, सातला बंद. कुणीतरी रोज कामावरून येतंय आणि माझी लाइन पितंय.

दोन पेशंट मी आज कॅमेरा बंद करून घेतले. सलील सरांचा मेसेज आला, "मॅडम, पालकांच्या तक्रारी आहेत. आपण बोलू." प्रणय आता माझ्यासमोर तोंड उघडण्याआधी आईकडे बघतो. आपण बोललो ते ठीक होतं की नाही, हे त्याला आईकडून कळतं, माझ्याकडून नाही. मी त्याचं बोलणं सुधारायला बसलेय की बिघडवायला?

रविकांतने बाहेर क्षितिजाचे जुने व्हॉइस मेसेज मोठ्याने लावले होते. "बाबा, आय एम नॉट अ किड, ओके?" वगैरे. तीनदा तेच. मी दार उघडून ओरडले, आवाज कमी कर. त्याने बंदच केलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सापडला.

कचरा टाकायला खाली गेले होते. जिन्याखाली आमच्या हारिसची खोली, हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. मोतालेब, बांगलादेशचा, पाण्याच्या बाटल्या वर आणून देतो, सगळ्यांच्या गाड्या धुतो. दार अर्धवट उघडं होतं. वरच्या शाफ्टमधून एक पांढरी वायर उतरून त्याच्या खोलीत गेलेली. आत तो फोनवर व्हिडिओवर बोलतोय, हसतोय. चित्र काय स्वच्छ! त्याच्या बायकोच्या कानातले मला दारातून दिसले.

मी विचारलं नाही. खरं तर मी किंचाळलेच. "हे काय आहे? कुणाची लाइन आहे ही?" तो उठून उभा राहिला. "मॅडम, वो दूसरा माला..." मी म्हटलं, दुसरा-बिसरा काही नाही, दोन आठवडे माझं काम बुडतंय, चोर आहेस तू. तीन मजल्यांवरचे लोक जिन्यात आले. इमारतीच्या मालकाचा मंदूब, त्याची सगळी कामं बघणारा अबू फहाद, योगायोगाने पार्किंगमध्येच होता. तो आला, त्याने काही न विचारता वायर हिसडा मारून तोडली. मोतालेबचा फोन हातातच होता. बायको पडद्यावर गोठलेली.

रविकांत तोवर खाली आला होता. लिफ्टपाशी उभा. मी त्याला म्हटलं, बघ, हा तुझा लोड. तो म्हणाला, "वर चल, शर्मिला." एवढंच.

फार दिवसांनी मला हलकं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल साडेचार: ९०. काल साडेसहा: ८९. आज साडेपाच: ९२.

हातच्या काकणाला आरसा कशाला. चोर गेला, वेग आला. सलील सरांना मेसेज केला, अडचण मिटली आहे, उद्यापासून सगळं नीट.

अबू फहादने आज मोतालेबला सामानासकट दुसरीकडे पाठवलं. गॅलरीतून दिसलं. एक गोणी आणि एक बादली. मी आत आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

साडेचार: ०.५०.

पाच वेळा टाइप केलं. ०.५०. ०.५०. ०.४९. ०.५०. ०.५०.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची श्रीलंकन नर्स जिन्यात भेटली. माझ्याकडे बघून म्हणाली, वायर माझी होती. मीच दिली होती त्याला. माझी ड्यूटी असते, लाइन रिकामी पडून राहते, त्याला घरी बोलायला बरं. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "यू डिडन्ट आस्क," आणि चढून गेली.

जेवले नाही. रविकांतला सांगितलं, मोतालेबची चूक नव्हती. तो बराच वेळ ताटात बोटं फिरवत बसला. म्हणाला, "त्याला दुसरीकडे काम मिळालं असेलच."

असेलच म्हणे!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सईदाला साडेचारला बोलावलं. पेशंटने रजा घेतली होती. तिने आमच्या हॉलमध्ये बसून स्वतःच्या लॅपटॉपवर तीच ओळ टाइप केली. ८६. माझ्या लॅपटॉपवर ०.५०. पुन्हा तिच्या, ८८. माझ्या, ०.५०.

मी म्हटलं, बघ, तुझा नवा आहे म्हणून.

ती माझी वही चाळत होती. "ताई, बिघाड असा नसतो गो. बिघाड म्हटला की कधी चार, कधी बारा, कधी काहीच नाही. हे तर रोज बरोबर अर्धं. घड्याळ लावल्यासारखं." मग जरा थांबून, "राऊटर कोण बघतो तुमच्याकडे?"

"रविकांत. मला त्यातलं काही कळत नाही."

"मग भाईसाहेबांना विचार ना एकदा, सेटिंग उघडून बघा म्हणून."

"त्याने बघितलंय. जॉबिन आला तेव्हा दोघांनी मिळून बघितलंय."

सईदाने लॅपटॉप मिटला. चहा अर्धा ठेवून गेली. मला वाटलं, हिलाही आता कंटाळा आला माझ्या रडगाण्याचा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

प्रणय गेला.

सलील सरांचा फोन. रत्नमालाबाईंनी दुसरी थेरपिस्ट मागितली. त्या म्हणाल्या म्हणे, "मॅडम चांगल्या आहेत, पण पोरगा आता घरातही बोलायला बघत नाही. मॅडमना सगळंच अडखळलेलं ऐकू येतं." सर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "संध्याकाळच्या वेळा डिसेंबरपासून काढून घेऊ या का? सकाळचं चालू ठेवा. तुमच्यावरही ताण नको." मी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. हँडल तुटलं. रविकांत आला, पातेलं उचललं, मला म्हणाला, "सोड ना ते संध्याकाळचं. सकाळचं पुरे आहे की तुला." अगदी मऊ आवाजात. मी म्हटलं, एक शब्द बोलू नकोस. माझी काळजी वाटतेय याला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज मी कंपनीला धमकी दिली की वही घेऊन तुमच्या ऑफिसात येऊन बसते. साडेतीनला जॉबिन आला. रविकांत यायच्या आत. मी त्याच्यासमोर टाइप केलं: ९०. म्हटलं, थांब आता. चहा दिला. चार वाजून एक मिनिटाने पुन्हा टाइप केलं: ०.५०. आणि वही त्याच्या हातात दिली. दोन आठवड्यांचे आकडे.

त्याने पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मला काही कळेना. "मॅडम, सर ने अभी तक नहीं निकाला?"

"काय नाही काढलं?"

"वो लिमिट. मैंने तो उसी दिन सर को दिखाया था. इस लॅपटॉप पे लिमिट है. राऊटर में लिखा है, क्षितिजा स्टडी. संडे टू थर्सडे, चार से सात. सर ने बोला, हाँ हाँ, बेटी के टाइम का है, मैं निकाल दूँगा." आणि मग घाबरून, "मॅडम, मेरा नाम मत लेना प्लीज."

मी म्हटलं, नाही घेणार. माझा आवाज कुठून तरी लांबून आला.

क्षितिजा बारावीत असताना रविकांत म्हणालाच होता, अभ्यासाच्या वेळी व्हिडिओ बघते, बंदोबस्त करतो. लेक गेली. बंदोबस्त माझ्या वाट्याला आला. नुसतं विसरला असता तर मी दोन दिवस आरडाओरडा केला असता आणि विसरले असते. पण सहा तारखेला त्याला कळलंय. सहा तारखेला!

साडेचारचा पेशंट मी फोनवरच घेतला. मध्येच दारावर टकटक झाली. मी दार उघडलं नाही. कारण उघडलं असतं तर त्या लहान मुलीसमोर काय झालं असतं, देव जाणे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल सातनंतरचं लिहिते. 

मी वही टेबलावर ठेवली. म्हटलं, "क्षितिजा स्टडी."

त्याचा चेहरा पडला नाही. वाट बघत असल्यासारखा होता.

"विसरलो होतो," म्हणाला.

"कधी विसरलास? सहाला विसरलास? तेराला विसरलास? त्या माणसाची वायर तोडली तेव्हा तू लिफ्टपाशी उभा होतास. वीस तारखेला पातेलं उचलून देत होतास, तेव्हाही विसरला होतास?"

"आधी काढणारच होतो. त्या रात्रीच. मग म्हटलं, बघू."

"काय बघू?"

"तुला जमत नाही म्हणून तूच सोडशील. संध्याकाळचं. सकाळच्या कामाला मी कधी काही बोललो का, सांग?"

 मी विचारलं, तुझं काय अडलं होतं माझ्या संध्याकाळच्या कामामुळे?

तो पायांकडे बघत होता. पन्नाशीला आलेला माणूस. "सव्वाचारला येतो. दार बंद. क्षितिजा होती तोवर निदान तिच्याशी भांडत तरी होतो. आता बोलायचं कुणाशी? दिवसभर तिथे पंप आणि हेल्मेटं. इथे आलो की आतून तुझा आवाज येतो, सावकाश, छान, पुन्हा म्हण. कुणाच्या तरी पोराला."

"मग मला सांगायचंस."

"दार बंद असतं," तो म्हणाला.

मी एवढी ओरडले की सईदा खालून वर आली. काय बोलले ते आठवत नाही आणि लिहायचंही नाही. शेवटी त्याने राऊटर उघडून ती ओळ काढली, पासवर्ड कागदावर लिहून दिला. मी त्याच्यासमोर पासवर्ड बदलला. नवा त्याला सांगितला नाही. सकाळी कामावर जाताना फोनवर नेट नाही म्हणून दोन मिनिटं घुटमळला. विचारलं मात्र नाही.

सईदा जाता जाता म्हणाली, "मला त्या दिवशीच शंका आली होती, ताई. पण नवरा-बायकोत कशी बोलू?" तिच्यावरही रागावले. सगळ्यांना सगळं कळतं, आणि कुणीही तोंड उघडत नाही.

आज साडेचार: ९१. साडेपाच: ८८. साडेसहा: ९०. रागाच्या भरातही लिहिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सलील सरांना खरं सांगितलं. नवऱ्याने केलं असं नाही म्हटलं, घरातल्या राऊटरमध्ये जुनी सेटिंग होती म्हटलं. का लपवलं, कोण जाणे. संध्याकाळच्या वेळा माझ्याकडे राहिल्या. प्रणय मात्र परत येणार नाही, त्याला नवी मॅडम आवडली आहे.

सरांना विचारून रत्नमालाबाईंच्या फोनवर त्याच्यासाठी निरोप पाठवला. तो कासव म्हणाला होता त्या दिवशी तो अजिबात अडखळला नव्हता, माझी लाइन अडखळत होती, आणि मी त्याला उगीच पुन्हा म्हणायला लावलं, ती माझी चूक.

तासाभराने त्याचा आवाज आला. "मला म-म-माहीत होतं. मी आईला त-तेव्हाच सांगितलं होतं." मागून रत्नमालाबाई कुजबुजल्या, थँक्यू म्हण. त्याने नाही म्हटलं.

बरं केलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सईदाचा नवरा अशरफ अर्दियाला गोदामात काम बघतो. त्याने मोतालेबचा पत्ता लावला. फरशांच्या एका गोदामावर राखणदार आहे.

मी रविकांतला म्हटलं, तू गाडी चालव आणि तू त्याला सांग. गेल्या पाच दिवसांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं सलग वाक्य. तो निमूट निघाला.

गोदामाबाहेर पत्र्याच्या सावलीत मोतालेब खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला, तसाच, त्या दिवशी उठला होता तसा. "मॅडम, पानी का बोतल?" सवयीने तोंडातून गेलं असावं. मला तोंड लपवावंसं वाटलं.

रविकांत गाडीतून उतरला. आधी घसा खाकरला. मग मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, एका दमात, न थांबता. मशीन में लिमिट मैंने डाला था. मालूम था. फिर भी चुप रहा. गलती मेरी है, मोतालेबभाई, मॅडम की नहीं. मला खरं तर तेव्हा बरं वाटत होतं. म्हटलं, आता कळू दे, कुणामुळे काय झालं.

मोतालेबने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहब, आपने तो मेरा नाम नहीं लिया था. नाम मॅडम ने लिया."

हे तो रागाने बोलला नाही. नोंद करावी तसं बोलला. या महिन्याभरात मला पहिल्यांदा कुणावरही ओरडता आलं नाही.

मी विचारलं, मी काय करू? तो म्हणाला, परत यायचं नाही, इथे लिफ्ट पुसावी लागत नाही, बरं आहे. पण अबू फहादने नव्या मालकाला सांगितलंय की हा चोर आहे. म्हणून गोदामाची किल्ली त्याला देत नाहीत. रोज सकाळी दुसरा माणूस येऊन कुलूप उघडतो, तोवर हा बाहेर उभा. "अरबी में एक चिठ्ठी दे दो, मॅडम. बाकी कुछ नहीं."

परत येताना सलव्याच्या सिग्नलला रविकांत म्हणाला, "मी आलो असतो सोबत, चिठ्ठीला." मी म्हटलं, नको.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी टायपिंगच्या दुकानात गेले. काचेमागे एक इजिप्शियन म्हातारा, चष्मा कपाळावर. मी इंग्रजीत सांगत गेले, तो अरबीत बडवत गेला. मग कागद काढून मला उलट इंग्रजीत वाचून दाखवला. "इमारतीतील रहिवाशाचा गैरसमज झाला होता."

मी म्हटलं, गैरसमज नाही. खोटा आरोप लिहा.

त्याने चष्मा डोळ्यांवर आणला. "मादाम, हा शब्द भारी आहे. कागदावर राहतो. गैरसमज चांगला. सगळे गैरसमजच लिहितात."

"म्हणूनच नको."

"नवऱ्याने चालेल म्हटलंय? तुमचा राहण्याचा परवाना, अकामा, त्यांच्यावरच असेल ना? खाली त्यांचं नाव घालू?"

"माझं घाला. शर्मिला. मीच बोलले होते."

त्याने खांदे उडवले आणि पुन्हा टाइप करायला बसला. एका बोटाने, सावकाश. तो शब्द उमटला तेव्हा मी त्याला त्याच्यावर बोट ठेवून दाखवायला सांगितलं, मला अरबी येत नाही म्हणून. उजवीकडून डावीकडे, ओळीच्या मधोमध होता. मी खाली सही केली. तीन प्रती. एक अबू फहादला, एक गोदामाच्या मालकाला, एक मोतालेबला.

म्हाताऱ्याने शिक्का मारला आणि म्हणाला, वाळू द्या, लगेच घडी घालू नका.